व्याहीबुवांचं घर

८ एप्रिल १९८४

मेंगिया,

तू उत्तर देत नाहीस म्हणून मी पत्र लिहायचं सोडीन असं वाटत असेल, तर तू अजून बापाला ओळखलं नाहीस. लाकडाच्या गिरणीत ओंडके ओढणाऱ्या पोरानं पुढं स्वतःची बांधकाम कंपनी काढली, ती काय लोक त्याला उत्तरं देत होते म्हणून नव्हे.

बातमी अशी आहे. आपल्या घराच्या वरच्या अंगाला, दफनभूमीला लागून जो गवताचा तुकडा आहे, तिथं खांब उभे राहिलेत. तू या गावची, तुला सांगायला नको. कोपऱ्यांना खांब, त्यांच्या माथ्यावर छपराचा उतार दाखवणाऱ्या तिरक्या पट्ट्या. घर बांधायच्या आधी हवेत त्याची बाह्यरेषा उभी करायची, म्हणजे सगळ्या गावाला ते बघता येतं आणि कुणा शेजाऱ्याला हरकत घ्यायची तर वेळेत घेता येते. मी माझ्या आयुष्यात असे खांब किती ठिकाणी रोवले त्याची गणती नाही. हे मात्र मी रोवलेले नव्हेत.

मला कळलं ते पोस्टाजवळच्या खानावळीत. तुमाश होता. गावातला दुसरा बिल्डर, म्हणजे बिल्डर म्हणायचं एवढंच. ग्लास खाली ठेवत मला म्हणतो, "याखेन, अभिनंदन. लेकीचं सुट्टीचं घर येतंय ना वर? काम मला मिळालंय. नकाशा तिच्या सासऱ्यांचा आहे. मला वाटलं, तुला ठाऊकच असणार."

मी म्हटलं, ठाऊक आहे की, मीच तुला सांगणार होतो.

टेबलाभोवतीची सगळी मंडळी आपापल्या ग्लासात बघायला लागली. माझे कान तुला माहीत आहेत. करवत चालू असताना पलीकडचा माणूस काय पुटपुटतो तेही मला ऐकू यायचं. त्या दिवशी कुणी काही पुटपुटत नव्हतं, ते जास्त ऐकू आलं.

तर तुझ्या सासऱ्यांनी, ओट्मार आमान यांनी, घर काढलंय. चांगलं आहे. गृहस्थ सज्जन आहेत. जन्मभर विंटरटूरला बसून रेल्वेच्या डब्यांचे नकाशे काढले, आता निवृत्त झालेत, हाताला चाळा हवा. मी खांबांच्या बाजूनं सहज फिरून आलो. माझी सिमेंटची पोती ठेवायची शेड याहून मोठी आहे. तुम्ही चौघं आणि ते पाचवे, एवढ्या जागेत कसे मावणार ते डब्यांच्या माणसालाच माहीत. सीटवर नंबर टाकणार असतील.

मला विचारलं असतंस तर? एवढंच म्हणतो. विचारलं नाहीस.

नाताळातल्या त्या फळीवरून एवढं मनात धरलं असशील असं मला वाटत नाही. तुझ्या नवऱ्यानं, बेआटनं, मुलांच्या टोप्यांसाठी माझ्या दारात फळी ठोकली, ती वाकडी होती, मी काढून सरळ केली. सगळे जेवायला बसले होते ही गोष्ट खरी. पण वाकडी फळी जेवण होईपर्यंत सरळ होत नाही.

तुझा बाप,
याखेन

२ मे

मेंगिया,

इकडे बर्फ ओसरला. दफनभूमीच्या भिंतीपाशी फुलं आली आहेत. तुझी आई बरी आहे.

असं कानावर आलं की तुमच्या घरावर कुणीतरी हरकत घेतली. उंचीबद्दल आहे म्हणे. आपल्याकडे उतारावरच्या घराची उंची खालच्या बाजूच्या जमिनीपासून मोजतात, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. व्याहीबुवांनी ती वरच्या बाजूनं मोजली. सपाट मुलखातला माणूस, त्याच्या लेखी जमिनीला वरची बाजू आणि खालची बाजू असते हेच नवल. तर घर नियमापेक्षा माणसाच्या छातीएवढं जास्त उंच झालंय. कुणीतरी ते दाखवून दिलं. कायद्याचा मान ठेवणारा माणूस असावा.

कोण ते विचारू नकोस. शेजारी पुष्कळ आहेत.

दोघा पोरांना, लादिनाला आणि नुओतला, माझा आशीर्वाद. यंदा उन्हाळ्यात त्यांना गिरणीपाशी नेईन म्हणतो.

याखेन

१९ मे

मेंगिया,

शेजारी दोनच आहेत. एक मी आणि दुसरी दफनभूमी, आणि तिथली मंडळी हरकत घेत नाहीत. ठीक आहे. मी घेतली.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी वरच्या खोलीत होतो. बैठकीतल्या दगडी शेगडीच्या वर छताला झडप आहे, ऊब वर जावी म्हणून. तिच्यातून उबेबरोबर शब्दही येतात. तुझा आवाज येत नाही, पण तुझी आई, बार्ला, तुझं प्रत्येक वाक्य परत म्हणते. आधी मला वाटायचं तिला सवय आहे. परवा कळलं. ती म्हणाली, "मुलं आता त्या घरात झोपायला येणार नाहीत, असं म्हणतेस." मग फोनवर हात ठेवून छताकडे बघत, अगदी शांतपणे, "ऐकलंस ना, याखेन? की पुन्हा म्हणू?"

पुन्हा म्हणायची गरज नव्हती.

तू असंही म्हणालीस की बेआटला या घरात कायम शिकाऊ पोरासारखं वाटतं, तुम्हाला आपली एक जागा हवी आणि ती बापाच्या देखरेखीखाली नको. देखरेख. मी काय मुकादम आहे? म्हणजे आहे, पण तो कामावर.

आता माझी बाजू. लादिना जन्मली तेव्हापासून सगळे नाताळ, सगळे उन्हाळे ती पोरं माझ्या घरात झोपली. वरची पाइनच्या लाकडाची खोली त्यांची. नुओत झोपेत भिंतीला लाथा मारतो, ते मी खाली ऐकत पडायचो. वर्षाचे उरलेले महिने मी त्या लाथांवर काढतो, हे तुला कधी सांगितलं नाही, सांगण्यासारखं नव्हतंच. आता माझ्याच डोक्यावर, दगड भिरकावला तर लागेल एवढ्या अंतरावर, दुसरा आजोबा त्यांना घर बांधून देणार, आणि मी खालून त्यांची बत्ती बघायची. तुझ्या सासऱ्यांजवळ मुलं अकरा महिने असतात. बसनं जाता येतं. मला जे चार आठवडे मिळायचे, तेही त्यांनी आता नकाशात घेतले.

म्हणून हरकत घेतली. आणि उंची खरोखरच जास्त आहे.

बार्ला म्हणते, मागे घे. मी म्हटलं, बघतो.

याखेन

२४ जून

मेंगिया,

हरकत मागे घ्यायची वेळच आली नाही. तुझ्या सासऱ्यांनी ती मान्य करून टाकली. भांडण नाही, वकील नाही. नगरपालिकेला लिहून दिलं की चूक माझी आहे, छप्पर खाली घेतो. अशा माणसाशी काय करायचं ते मला समजत नाही. तुमाशनं खानावळीत सांगितलं, "किती सभ्य माणूस." माझ्याकडे न बघता सांगितलं.

त्यानंतर ते स्वतः आले. हे तुला त्यांनी सांगितलं असेलच, म्हणून माझ्याकडूनही ऐक.

रविवारी सकाळी दारात उभे. पायात शहरी बूट. म्हणाले, "अहो व्याही, जरा वर येता का? तुमचा सल्ला नको आहे मला, नुसतं बघायला या." हुशार आहेत. सल्ला हवा म्हणाले असते तर मी गेलो नसतो.

वर जाऊन बघतो तर खांबांच्या आत सगळ्या गवतात दोरी ताणलेली. प्रत्येक खोली दोरीनं आखलेली. इथं टेबल, इथं शेगडी, इथं दोघा पोरांचे एकावर एक बिछाने, तिथं तुम्हा दोघांचा. वरच्या मजल्याची दोरी काही हवेत ताणता येत नाही, म्हणून छपराखाली काय आहे ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला म्हणाले, "या ना, आत या," आणि स्वतः दोरी ओलांडून नव्हे, दाराची म्हणून जी फट ठेवली होती तिथून वाकून आत गेले. मग मलाही तिथूनच जावं लागलं. दोघं म्हातारे गवतावर टेबलाशी बसलो. रस्त्यावरून बाया चर्चमधून परत येत होत्या. काय दिसलं असेल त्यांना ते असो.

मी दोनच शब्द बोललो. एक, बाहेरचं दार त्यांनी डब्यासारखं सरकतं धरलं होतं. जानेवारीत त्याच्या खाचेत बर्फ गोठला की तुम्ही आत आणि बूट बाहेर, किंवा उलट. दुसरं, दार थेट स्वयंपाकघरात उघडत होतं. मी म्हटलं, मधे हातभर खोली ठेवा, दोन दारांची. बूट, काठ्या, ओले कपडे आणि थंडी, सगळं तिथंच थांबतं. ते म्हणाले, जागा कुठून आणू? मी म्हटलं, जिन्याखालून. त्यांनी उठून दोरी सोडली आणि नव्यानं बांधली. आणखीही एकदोन गोष्टी असतील. शेगडीचं तोंड कुठं हवं वगैरे. दोनच शब्द.

पण मला सांगायचं आहे ते वेगळं. बिछान्यांची लांबी बघून मी म्हटलं, हा खालचा फार लांब झाला, लहान मुलगी ती, एवढी जागा फुकट कशाला. ते म्हणाले, "लादिना आता इथपर्यंत येते," आणि हात स्वतःच्या खांद्याला लावला. माझ्या मनात ती अजून टेबलाच्या कडेएवढी होती. मग ते एकेक सांगत गेले. नुओत वरच्या बिछान्यावरून पडतो म्हणून कठडा किती उंच हवा. लादिनाला अंधार चालत नाही म्हणून डोक्याशी बोटभर खिडकी. सगळं त्यांना पाठ. माणसानं रेल्वेच्या हजार प्रवाशांची मापं घेतली असतील, मला त्याचं काही नाही. पण ही माझ्या नातवंडांची मापं होती, आणि मला ती एका सपाट मुलखातल्या माणसाकडून, गवतात बसून, ऐकावी लागली.

त्या रात्री मी जेवलो नाही. बार्लाला सांगितलं पोट बिघडलंय. ती म्हणाली, "पोट नाही बिघडलं तुझं. जळतंय."

मी त्यांना मदत केली असं कुणाला सांगू नकोस. खानावळीत मी त्या घराला कोंबड्यांचं खुराडं म्हणत आलोय.

याखेन

७ ऑक्टोबर

मेंगिया,

काल तुम्ही सगळे आला होतात आणि खाली आला नाहीत. मला माहीत आहे, एकाच दिवसासाठी आला होतात.

छपराचा सांगाडा उभा राहिला, माथ्यावर छोटं देवदाराचं झाड बांधलं, त्याला रंगीत फिती लावल्या, सुतारांना जेवण घातलंत. रीत पाळलीत हे बरं केलंत. तुझे सासरे मला बोलवायला आले होते. तू आली नाहीस. मी त्यांना म्हटलं, मला काम आहे. आणि काम होतंच. तुझ्या आजीच्या थडग्यावरची फुलं बदलायची होती. दफनभूमीतून वरचं सगळं ऐकू येतं हा काही माझा दोष नाही.

तुमाशचा मुख्य सुतार माथ्यावर चढून चार ओळी म्हणाला, ग्लास रिकामा केला आणि खाली दगडावर फोडला. नीट फुटला, म्हणजे शुभ. मग तू बोललीस. बोलायला उभी राहिलीस तेव्हा आवाज थोडा कापला, तुझा नेहमी कापतो. म्हणालीस, "या घरातली सगळ्यात सुंदर जागा म्हणजे ही दोन दारांची छोटी खोली. बाहेरून भिजून आलं की इथं थांबायचं, आणि आत शिरलं की एकदम घर. हे फक्त ओट्मारबाबांनाच सुचू शकतं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमाशनंही.

मी काही म्हणत नाही, मेंगिया. कुणाला काय सुचलं याला काय महत्त्व. घर चांगलं व्हावं हे मुख्य. मी फुलं बदलली, पाणी घातलं, मग पुन्हा एकदा घातलं. तेवढ्यात तुझे सासरे काहीतरी बोलायला लागले. "नाही, नाही, ते खरं तर..." इतकं मला ऐकू आलं आणि मग अकॉर्डियन सुरू झाला. ते काय सांगणार होते? माझं नाव घेणार होते का? घेतलं का? तू लिहीत नाहीस, बार्लाला विचारायला माझी जीभ रेटत नाही, आणि त्यांना विचारीन असं होणार नाही.

मला तुझ्या तोंडून हवं होतं. "ओट्मारबाबा" म्हणतेस. पूर्वी "बेआटचे वडील" म्हणायचीस.

नुओतचे केस फार वाढलेत. भिंतीवरून दिसलं.

याखेन

२७ डिसेंबर

मेंगिया,

हे पत्र मी स्वयंपाकघरातून लिहितोय आणि तू माझ्या डोक्यावर, वरच्या घरात, अजून अंथरुणात असशील. टपालानं पाठवायचं म्हटलं तर ते आधी खाली दरीत जाईल आणि मग वर येईल. म्हणून हातोहात पाठवतोय. कुणाच्या हाती, ते शेवटी.

तुम्ही आलात ते मी बघितलं. गाडी आपल्या दारावरून गेली, थांबली नाही. नाताळच्या दिवशी बार्ला अक्रोडाचा केक, आपली टोर्टे, घेऊन वर आली. मला म्हणाली चल. मी म्हटलं, मला बोलावलेलं नाही. ती म्हणाली, लेकीच्या घरी बापाला वेगळं आमंत्रण लागतं का? लागतं. मला लागतं. तिनं परत येऊन वर्णन केलं, मी न विचारता. टेबल भिंतीतून उघडतं. बाकाच्या पोटात बिछाने. सगळं नेमकं, एक बोट जागा वाया नाही. मी म्हटलं, धूर नीट निघतो का? ती म्हणाली निघतो. मी म्हटलं, शेगडीचं तोंड कुणी वळवलं विचार.

काल अंधार पडायच्या सुमाराला दार वाजलं. तुझे सासरे. हातात बॅग, काखेत सपाता. एका हातानं कंबर धरलेली.

"याखेन," ते म्हणाले. आजवर कधी नावानं हाक मारली नव्हती. "तुमच्याकडे झोपायला जागा मिळेल का?"

मी म्हटलं, "तुमचं घर आहे की वर."

"घर आहे. मी त्यात बसत नाही."

आत आले, शेगडीलगतच्या बाकावर बसले आणि सांगितलं. ते तू आता ऐक, कारण तुम्हालाही त्यांनी पुरतं सांगितलेलं नाही. त्यांची झोपायची जागा छपराखाली होती, स्वयंपाकघराच्या वर, जिन्यानं चढायची. छप्पर छातीएवढं खाली आलं तेव्हा तेवढीच नेमकी गेली. माझी हरकत सरळ त्यांच्या अंथरुणावर पडली. त्यांनी तुम्हाला सांगितलं, बाकावर माझं भागेल. चार रात्री बाकावर काढल्या. बाक मुलांच्या मापाचा. बेआट म्हणे जमिनीवर झोपायला तयार होता, पण मग दोन्ही दारं उघडत नाहीत.

मी म्हटलं, "मग कशाला मान्य केलीत हरकत? दुसरं काही लहान करायचं. मुलांचे बिछाने आखूड करायचे, मोरी काढायची, काहीतरी."

ते म्हणाले, "मी सगळं करून बघितलं. काहीतरी काढायचंच होतं. मी एकच प्रवासी असा होतो, जो दुसऱ्या गाडीनं जाऊ शकत होता."

बार्लानं त्यांना जवाचं सूप दिलं. मी त्यांची बॅग वरच्या पाइनच्या खोलीत नेली. होय, मुलांच्या. खोली रिकामी होती. ते खिडकीपाशी उभे राहिले, मीही. वर तुमची बत्ती दिसत होती, बर्फावर पिवळा चौकोन पडलेला. बघत राहिले आणि म्हणाले, "आत्ता पत्ते खेळत असतील. नुओत खोटं खेळतो. मी नसलो की कुणी त्याला पकडत नाही." थोड्या वेळानं, "मी गेलो ते त्यांच्या लक्षात तरी आलं असेल का?"

मेंगिया, तो आवाज मी ओळखतो. एप्रिलपासून तो माझ्याच तोंडात आहे. माझा विश्वास बसेना की ज्या माणसावर मी इतके महिने जळलो, तो माझ्या खिडकीत उभा राहून माझ्यासारखाच त्याच बत्तीवर जळतोय. खाली जाऊन एक बाटली घेऊन आलो. आम्ही फार बोललो नाही, पण बाटली संपली. मधेच त्यांनी सांगितलं की ऑक्टोबरात, अकॉर्डियन थांबल्यावर, त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं की दोन दारांची खोली कुणाची. तू ऐकून घेतलंस आणि काही म्हणाली नाहीस असंही सांगितलं. मी म्हटलं, ती अशीच आहे, माझ्यावर गेलीय.

आता सकाळचं. उजाडताच पायऱ्यांवर बूट वाजले. लादिना आणि नुओत, झोपेच्या कपड्यांवर कोट घालून, बर्फातून धावत खाली आलेले. दारातच ओरडा, "ओट्मारआजोबा कुठायत? ओट्मारआजोबा."

त्यांना शोधत आले, मला नव्हे. मला कुणी सांगायला नको. पण आले माझ्या दारात. लादिना खरंच खांद्यापर्यंत येते, मी उभं करून बघितलं. नुओतनं टोर्टेचे तीन तुकडे खाल्ले आणि दुसऱ्या आजोबांच्या मांडीवर चढून बसला. मी शेगडीत लाकडं घालत होतो, तर तो तिथून मला म्हणतो, "याखेनआजोबा, तुमच्याकडे जागा कित्ती आहे. आम्ही पण इथं झोपू का?" व्याह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांच्या घराची तक्रार, त्यांच्याच मांडीवरून. मी हसलो नाही. म्हणजे तेव्हा नाही.

मी त्याला म्हटलं, ते तुझ्या आईनं ठरवायचं.

तर पोरी, ते तू ठरवायचं. छप्पर खाली आणलं ते मी. नियमानं आणलं, पण नियमासाठी नाही. त्यात तुझ्या सासऱ्यांचं अंथरूण गेलं, तुझा नाताळ गेला, आणि माझाही. पुढचं मला लिहिता येत नाही. समोर बसलीस तर म्हणेन. बेआटलाही म्हणेन, आणि त्या वेळी हातात हातोडी नसेल. व्याह्यांची खोली आता व्याह्यांचीच. त्यांनी यावं, राहावं, रोज खिडकीतून वर बघून जळावं, मी सोबतीला आहे. मुलं कुठं झोपतील ते तू सांग. मी हरकत घेणार नाही.

हे पत्र मी तुझ्या सासऱ्यांच्याच हाती वर पाठवतोय. त्यांना सांगितलं, तातडीचं आहे, आत्ताच जायला हवं. ते म्हणाले मुलांनाही घेऊन जातो. मी म्हटलं, नको, बाहेर निसरडं आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलंय, पण कंबर धरून बूट घालतायत.

मुलं इथंच आहेत. त्यांना न्यायला तू स्वतः ये. दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही, आणि व्याहीबुवांच्या तर मुळीच नाही. कॉफी शेगडीवर ठेवलीय, लवकर ये.

म्हणजे, फार लवकर नको.

तुझा बाप,
याखेन